आल्टर्ड कॉर्ड्स आणि साथीचं सॉफ्टवेअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने रोजच्या रियाजाला एक सॉफ्टवेअर साथीला घेतोय. कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाची) नावं टाइप करायची, स्टाइल निवडायची, की बास, पियानो, ड्रम्स सुरू. साध्या मेजर-मायनर चालींना ते उत्तम साथ देतं, त्यावर वेगळं लिहायला नको. कस लागतो तो आल्टर्ड डॉमिनंटला, म्हणजे जी७ सारख्या कॉर्डमधला पाचवा किंवा नववा स्वर अर्ध्या पायरीने वर (शार्प) किंवा खाली (फ्लॅट) सरकवला की. पियानोवर माणूस असेल तर मेलडी ऐकून तो सांभाळून घेतो. इथे मात्र तुम्ही जे नाव लिहाल तेच वाजणार.

नुसतं जी७ (जी, बी, डी, एफ) लिहिलं तर जॅझच्या बऱ्याच स्टाइल्स आपणहून ९ आणि १३, म्हणजे जीपासून नववा आणि तेरावा स्वर (ए आणि ई), घालतात. एरवी गोड लागतं, पण मेलडी ई फ्लॅटवर थांबली असेल तर पियानोतला ई तिला खुपत राहतो. तिथे जी७ फ्लॅट १३ असं स्पष्ट लिहावं लागतं. शार्प ५ लिहिलं तरी कीबोर्डवर पट्टी तीच, मग फरक काय? शार्प ५ म्हटल्यावर शुद्ध पाचवा स्वर, म्हणजे डी, कॉर्डमधून जातो. फ्लॅट १३ म्हटल्यावर तो राहू शकतो. फ्लॅट ५ आणि शार्प ११ (दोन्हींची पट्टी डी फ्लॅटची) यांचंही तसंच. हा फरक या सॉफ्टवेअरने मनापासून पाळलाय. शार्प ११ ला बास बिनधास्त डीवर उतरतो, फ्लॅट ५ ला डी फ्लॅटवर. यासाठी बनवणाऱ्यांना पैकीच्या पैकी गुण!

जी७ आल्ट (आल्टर्डचं लघुरूप) लिहिलं की ए फ्लॅट मेलोडिक मायनर या स्केलचे स्वर हाताशी येतात: दोन्ही बदललेले नववे, दोन्ही बदललेले पाचवे. प्रत्येक फेरीत पियानो त्यातले वेगळे निवडतो. सोलोच्या सरावाला याहून चांगलं काही नाही, कान सतत जागा राहतो. बांधलेल्या मेलडीखाली मात्र मी आल्ट वापरत नाही. मेलडीत ए फ्लॅट आणि पियानोत नेमका बी फ्लॅट, हे कधी होईल सांगता येत नाही. तिथे फ्लॅट ९ की शार्प ९ हे आपणच ठरवून लिहिलेलं बरं.

खटकतं ते नावांच्या यादीचं तोकडेपण. फ्लॅट ९ आणि फ्लॅट १३ एकत्र लिहिले की कॉर्ड ओळखता येत नाही असा संदेश येतो. यावर स्लॅश कॉर्डचा (वर एक कॉर्ड, खाली बासला वेगळा स्वर) उपाय आहे: ए फ्लॅट मायनर ६, बासला जी. स्वर ए फ्लॅट, बी, ई फ्लॅट, एफ आणि खाली जी, म्हणजे हवी तीच कॉर्ड. फ्लॅट ५ सुद्धा हवा असेल तर डी फ्लॅट ९, बासला जी. पियानो अगदी बरोबर वाजतो, पण बास चालायचं (स्वरामागून स्वर फिरायचं) सोडून जीवरच बसतो आणि आपोआप सोलो रचणारा भाग पहिल्या कॉर्डला ए फ्लॅट मायनर समजून चालतो. संथ बॅलडमध्ये चालून जातं, स्विंगमध्ये नाही.

म्युझिकएक्सएमएल (एका प्रोग्रॅममधलं स्वरलेखन दुसऱ्यात नेण्याचा फॉरमॅट) फाइल आणताना आल्ट तपासून घ्याच. त्या फॉरमॅटमध्ये आल्टर्ड असा वेगळा प्रकार नाही; डॉमिनंट आणि त्यातला एकेक बदललेला स्वर अशी नोंद असते. त्यामुळे लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने बदल नोंदवले नसतील तर इथे साधं जी७ उतरतं, आणि पुन्हा तेच ९ आणि १३ वाजू लागतात.