सीओपीडीच्या झटक्यात भिस्त कशावर: चेकपॉइंट निर्देशक की डीकॅफ?

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) अचानक बळावून दाखल झालेल्या रुग्णाला घरी पाठवता येईल की अतिदक्षता विभागाजवळ ठेवावे लागेल, हे पहिल्या काही तासांतच ठरवावे लागते. त्यासाठी पीडी-१, पीडी-एल१, टिम-३ यांसारखे इम्यून चेकपॉइंट निर्देशक (रोगप्रतिकारक पेशींना लगाम घालणारी प्रथिने) मोजावेत का, असा प्रश्न पडलेल्या डॉक्टरांना माझे उत्तर असे आहे की, आजचा निर्णय डीकॅफ या मृत्यूचा धोका सांगणाऱ्या गुणांकावरच घ्यावा.

ब्रिटनमध्ये २०१२ साली मांडलेल्या या गुणांकात धाप, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची घट, एक्स-रेवरील न्यूमोनियाची छाया, रक्ताचा सामू (पीएच) ७.३० पेक्षा कमी असणे आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) या पाच गोष्टी मोजतात. धाप झटक्यापूर्वीच्या स्थिर काळातली धरायची असते. मदतीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, पण आंघोळ करणे आणि कपडे घालणे यांपैकी निदान एक तरी स्वतःचे स्वतः करता येते, अशा रुग्णाला एक गुण; या दोन्हींसाठी मदत लागत असेल तर दोन. एकूण सहापैकी शून्य किंवा एक गुण म्हणजे कमी धोका, तीन किंवा अधिक म्हणजे मृत्यूचा मोठा धोका. रक्त मात्र स्टेरॉइडच्या पहिल्या डोसआधी घ्यावे, कारण स्टेरॉइडने इओसिनोफिल घटतात आणि गुण फुकाचा वाढतो.

चेकपॉइंट निर्देशकांचा प्रश्न निराळा आणि माझ्या मते अधिक खोल आहे: या रुग्णांना संसर्ग परतवता का येत नाही? २०१६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात फुप्फुसाच्या ऊतीला प्रयोगशाळेत इन्फ्लुएंझाचा संसर्ग घडवला, तेव्हा सीओपीडी असलेल्यांच्या सीडी८ टी-पेशींवर (विषाणूग्रस्त पेशींना मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) पीडी-१ अधिक आढळले आणि त्या पेशींची मारक क्षमता उणी पडली. तरीही खाटेपाशी या माहितीचा उपयोग करणे अवघड आहे. पेशींवरील निर्देशकांसाठी ताजे रक्त आणि फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी तपासणारे यंत्रतंत्र) लागते. रक्तद्रवातील विद्राव्य (पेशींपासून सुटे झालेले) पीडी-एल१ एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने मोजता येते, परंतु त्याची सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही, शिवाय सेप्सिसमध्ये (संसर्गाने अवयव निकामी होण्याच्या स्थितीत) आणि कर्करोगातही ते वाढते, आणि धूम्रपान करणाऱ्या सीओपीडी रुग्णात फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता नेहमीच ध्यानात ठेवावी लागते. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत नेहमी होणारी पीडी-एल१ चाचणी कर्करोगाच्या गाठीच्या तुकड्यावरची असते. ती येथे कामाची नाही.

संशोधन करणाऱ्या विभागाने मात्र दाखल होताना, स्टेरॉइडपूर्वी, आणि रुग्ण स्थिरावल्यावर पुन्हा असे नमुने गोठवून ठेवावेत, आणि हे निर्देशक डीकॅफच्या अंदाजात खरोखर भर घालतात का, हे तपासावे.