प्रीमियरचं चिलखत: फोमचं की पुठ्ठ्याचं?

विज्ञानपटाचा पहिला शो मे महिन्यात, बाहेर जळगावचं ४४ अंशांचं ऊन. अशा वेळी अंतराळसैनिकाच्या वेशात जायचं असेल, तर चिलखताचं साहित्य निवडताना दिसण्याइतकाच घामाचा विचार करा.

पुठ्ठा स्वस्त. रावेर-सावद्याकडे केळीचे जाड खोके सहज मिळतात. हवेची भोकं टाळून कापा. वाकवायचं असेल तिथे आतल्या नळ्या उभ्या ठेवून दर सेंटीमीटरला हलकी घडी पाडा, नाहीतर छातीची पाटी मधूनच मोडते. खरा शत्रू घाम: आतला थर ओला झाला की पदर सुटतात. म्हणून आतूनही वॉर्निश हवंच.

ईव्हीए फोम (मऊ, रबरासारखा लवचिक पत्रा) महाग, पण अंगावर बसतो. छातीला १० मिमी, मनगटाला ५ मिमी. हीट गनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) पृष्ठभाग किंचित चकाकेपर्यंत तापवा, मांडीवर दाबून वळवा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवा. चिकटद्रव (कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह) दोन्ही कडांना लावून दहा मिनिटं थांबा. बोटाला जेमतेम चिकटला की जोडा. घाई केली तर सांधा उकलतो. ग्लू गनवर (वितळलेला गोंद सोडणाऱ्या पिस्तुलावर) विसंबू नका, उन्हात उभ्या गाडीत तो गोंद मऊ पडतो. रंगाआधी पातळ फेविकॉलचे तीन-चार हात द्या, नाहीतर फोम रंग पितो.

एकाच शोसाठी पुठ्ठा पुरे. पण खुर्चीत तीन तास बसायचं असेल, तर आम्ही फोमच सुचवू, तोही कमरेला वेगळा तुकडा आणि बाजूला वेल्क्रो ठेवून.