डीएपी की सुपर? सोलापूरच्या चुनखडीच्या रानासाठी स्फुरदाचा हिशोब

"आण्णा, दुकानात डीएपी नाही म्हणतोय. सुपर घिऊ का?" मोहोळहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मृग लागून आठवडा झाला होता आणि त्याचं तुरीचं रान वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर होतं. असा फोन दर जूनला येतो. बरेच जण डीएपी खताची गाडी येईपर्यंत पेरणी लांबवतात, आणि वाफसा निघून जातो. मी त्याला म्हटलं, घे. तुरीला डीएपी समोर असतं तरी मी सुपरच सांगितलं असतं. उसाला मात्र हेच उत्तर देणार नाही, म्हणून हिशोब सविस्तर मांडतो.

डीएपी म्हणजे डाय-अमोनियम फॉस्फेट, 18:46, म्हणजे 18 टक्के नत्र (नायट्रोजन) आणि 46 टक्के स्फुरद (फॉस्फरस). 50 किलोच्या गोणीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद 16 टक्के, म्हणजे गोणीला 8 किलो, आणि नत्र अजिबात नाही. पण सुपरमध्ये 11 टक्के गंधक असतं, गोणीला साडेपाच किलो. तुरीला शिफारस आहे हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद, म्हणजे एकरी 10 आणि 20. ते भागवायला एक गोणी डीएपी जवळपास पुरते. सुपरच्या अडीच गोण्या लागतात, शिवाय बावीसेक किलो युरिया.

आता पैसे. डीएपीची गोणी गेली काही वर्षं 1350 रुपयांना आहे. त्यातलं 9 किलो नत्र युरियातून घेतलं तर 45 किलोच्या 266 रुपये 50 पैशांच्या गोणीच्या हिशोबानं साधारण 116 रुपयांचं होतं. उरलेले 1234 रुपये 23 किलो स्फुरदाचे, किलोला जवळपास 54. या दरानं सुपरच्या गोणीतल्या 8 किलोंची किंमत 430 रुपये होते. सुपर याहून स्वस्त मिळालं तर प्रश्नच मिटला. समजा 500 ला मिळालं, तर वरचे 70 रुपये साडेपाच किलो गंधकाचे, किलोला 13 रुपये. गंधक वेगळं घ्यायला जा, या भावात मिळत नाही. तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग, कांदा या सगळ्यांना गंधक लागतं. डाळीतली प्रथिनं आणि दाण्यातलं तेल बनायला ते लागतंच. म्हणून या पिकांना सुपर.

रब्बी ज्वारीला तर हा हिशोब आणखी सोपा. मध्यम जमिनीतल्या कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद, म्हणजे एकरी 8 किलो स्फुरद. बरोबर सुपरची एक गोणी.

पण गोणी निवडणं हे अर्धंच काम. आपल्या काळ्या मातीचं ढेकूळ घेऊन त्यावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाका, फसफसून वर येतं. ती चुनखडी. सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी 8 च्या वर. अशा मातीत खतातलं विरघळलेलं स्फुरद कॅल्शियमला चिकटतं आणि आठवड्यागणिक अधिकाधिक न विरघळणारं होत जातं. पहिल्या पिकाला त्यातलं पाचवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. डीएपी असो की सुपर, शेवट दोघांचा तोच. शिवाय स्फुरद मातीत चालत नाही, पडलं तिथून काही मिलिमीटरच सरकतं. मुळांनीच त्याच्यापर्यंत जावं लागतं. म्हणून वरून फेकलेली गोणी निम्मी वाया गेली असं समजा. दोन चाड्यांच्या पाभरीनं, एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत असं, बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला पेरून दिलं तर ते कमी मातीला शिवतं, उशिरा बांधलं जातं आणि कोवळ्या मुळाच्या वाटेत राहतं. डीएपी बियाण्याला खेटून कधीच पडू देऊ नका. आपल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत त्यातून अमोनिया सुटतो आणि कोंब जळतो.

तिसरा पर्याय दुकानात मोठ्या आग्रहानं पुढे केला जातो, रॉक फॉस्फेट. मी तो डाळिंबाच्या बागेत एक वर्ष टाकला आहे. स्वस्त आहे, सेंद्रिय शेतीत चालतं, असं सांगून दिला होता. झाडांवर काडीचा फरक दिसला नाही, आणि रसायन समजून घेतल्यावर कारणही उमगलं. उदयपूरजवळ झामरकोटड्याच्या खाणीत निघतो तो हा दगड म्हणजे कॅल्शियमला आधीच घट्ट बांधलेलं स्फुरद. त्याला सोडवायला आम्ल लागतं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तो हळूहळू सुटतो. आपली माती तर चांगल्या स्फुरदाचंच असं दगड करून ठेवते, तिच्यात आणखी दगड कशाला? 1842 साली इंग्लंडमध्ये लॉज यांनी याच दगडासारख्या मालावर गंधकाम्ल ओतण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं, त्यातूनच सुपर जन्मलं. सुपरमधलं गंधक येतं ते त्या आम्लातून.

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, पीएसबी, मात्र जरूर वापरा. ते सेंद्रिय आम्लं सोडून बांधलेल्या साठ्यातलं थोडं मोकळं करतात. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम चोळा, सावलीत वाळवा, लगेच पेरा. पण जिवाणू स्फुरद तयार करत नाहीत, असलेलंच सोडवतात. त्यांच्या जोडीला शेणखत नसेल तर ते जगणार कशावर? नॅनो डीएपीचंही असंच मोजून पाहा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत 16 टक्क्यांनी 80 ग्रॅमच्या आसपास स्फुरद येतं, गोणीत 23 किलो. फवारणीला ठीक, गोणीच्या जागी नाही.

सुरू उसाला एकरी 46 किलो स्फुरद लागतं. म्हणजे डीएपीच्या दोन गोण्या, नाहीतर सुपरच्या पावणेसहा. एवढी वाहतूक आणि मजुरी धरली तर तिथं मी डीएपीला हरकत घेत नाही. जिल्हाभर साखर कारखाने आहेत, त्यांचं प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) मिळतं. ते कुजवून सरीत घातलं तर स्फुरदही येतं आणि कुजताना सुटणारी आम्लं चुन्याला थोडं आवरतात. कच्चं घालू नका, तापतं. ठिबकवरच्या डाळिंबाला मात्र 12:61 हे पाण्यात विरघळणारं खत किंवा फॉस्फरिक आम्ल बरं. आधी ते थोडं आपल्याच बोअरच्या बादलीभर पाण्यात मिसळून रात्रभर ठेवा. तळाशी पांढरा साका बसला तर तोच साका ड्रिपरमध्येही बसणार.

जास्त झालं तरी नुकसान आहे. बागेत वर्षानुवर्षं ओतलेलं स्फुरद जस्त आणि लोह अडवतं, आणि मग पानं पिवळी पडली की आपण त्याला केवडा म्हणत दुसरी बाटली आणतो. नत्राचा साठा हवेत आहे, स्फुरदाला हवेतून परतीची वाटच नाही. खडकातून मातीत, मातीतून पिकात, तिथून गटारात, नदीत आणि समुद्राच्या तळाला. उजनीत हे डोळ्यांना दिसतं. पुण्याकडचं सांडपाणी भीमेतून उतरतं, त्यातलं स्फुरद शेवाळ पोसतं आणि पाणी हिरवं होतं. त्याच पाण्यावरच्या रानात पीक स्फुरदाला उपाशी असतं, हे मला दरवर्षी खुपतं.

पुतण्यानं दोन एकरांना सुपरच्या पाच गोण्या आणल्या, दाणेदार. युरियाही आणला, पण दोन्ही पाभरीजवळ गेल्यावरच मिसळायचं असं त्याला बजावलं आहे. आदल्या रात्री मिसळून ठेवलं तर सकाळपर्यंत पाणी सुटून त्याचा चिखल होतो आणि चाड्यातून दाणा खाली उतरत नाही.