आघात आणि त्वरण मोजण्यासाठी घरातील साधने : मोबाइल, ओळंबा, पिठाचा गोळा की कार्बन पेपर?

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस सोलापुरात साधारणपणे गड्ड्याच्या जत्रेच्या आगेमागे येतात आणि त्या सुमारास माझ्याकडे येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांचा, बऱ्याचदा त्यांच्या पालकांचाही, एक प्रश्न ठरलेला असतो. पडणाऱ्या वस्तूचा जोर किंवा वाहनाचे त्वरण घरच्या साधनांनी मोजायचे असेल तर नेमके कोणते साधन निवडावे, असा तो प्रश्न असतो. बहुतेकांनी मनात मोबाइल आधीच ठरवलेला असतो आणि त्यांना फक्त होकार हवा असतो. तो होकार मी सहसा देत नाही, कारण साधनाची निवड त्याच्या आधुनिकतेवर ठरत नसून, जो धक्का मोजायचा आहे तो किती वेळ टिकतो यावर ठरते.

हा मुद्दा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एक मीटर उंचीवरून सोडलेली पोलादी गोळी खाली पोहोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो, मग ती शहाबादी फरशीवर पडो की घड्या घालून रचलेल्या सोलापुरी चादरींवर. फरक पडतो तो थांबण्यात. थांबताना होणारे सरासरी ऋण त्वरण हे पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर इतक्या पट ‘जी’ असते, आणि एक जी म्हणजे गुरुत्व त्वरण, सेकंदाच्या वर्गाला ९.८ मीटर. चादरी ५ सेंटिमीटर दबल्या तर सरासरी २० जी आणि थांबण्यास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. फरशीवर हेच थांबणे समजा एका मिलिमीटरात उरकले, तर १००० जी आणि अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ. म्हणून ‘एक मीटरवरून पडलेल्या गोळीचा जोर किती’ या प्रश्नाला, ती कशावर पडली हे सांगितल्याशिवाय, उत्तरच नाही. मोजण्याचे साधन मध्ये ठेवले की ते स्वतःच मऊ किंवा कडक पृष्ठभाग बनून उत्तर बदलते, ही अडचणही येथूनच उगम पावते.

आता मोबाइलकडे येऊ. त्यातील त्वरणमापक म्हणजे सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले एक अतिसूक्ष्म वजन असते आणि ते किती सरकले हे विजेच्या साहाय्याने मोजले जाते. जर्मनीतील आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे ॲप मोफत मिळते आणि त्यात त्वरणाचा आलेख थेट पडद्यावर उमटतो. टेबलावर निवांत ठेवलेला फोन ९.८ दाखवतो आणि हातातून सुटलेला फोन जवळजवळ शून्य दाखवतो, हे पाहून मुले फोन बिघडला असे समजतात. वास्तविक हा संवेदक आधाराकडून मिळणारा रेटा मोजत असल्यामुळे असेच दिसायला हवे. शून्याचा हा पट्टा फार उपयोगी आहे, कारण त्याच्या लांबीवरून पडण्याची उंची पडताळता येते : १५ सेंटिमीटरसाठी तो ०.१७५ सेकंद असावा.

मात्र धक्का मोजण्याच्या कामी मोबाइल दोन ठिकाणी उणा पडतो. पहिली उणीव मर्यादेची आहे. फोनमधील संवेदक ४, ८ किंवा १६ जी अशा ठरावीक मर्यादेपर्यंतच मोजतो. अर्ध्या मीटरवरून फोन चादरींवर टाकला आणि त्या ५ सेंटिमीटर दबल्या, तरी सरासरीच १० जीच्या घरात जाते आणि कमाल त्याहून बरीच वर असते. अशा वेळी आलेखाचा माथा टोकदार न राहता कात्रीने कापल्यासारखा सपाट येतो आणि उंची वाढवली तरी आकडा तोच राहतो. दुसरी उणीव वेगाची आहे. सेकंदाला १०० नोंदी घेणारा फोन दर १० मिलिसेकंदांनी एकदा डोळा उघडतो. चादरीवरच्या २३ मिलिसेकंदांच्या धक्क्यात त्याला दोन-तीन नोंदी मिळतात, आणि फरशीवरचा धक्का दोन नोंदींच्या मधल्या फटीतून निसटून जाऊ शकतो. शिवाय फरशीवर फोन टाकण्याचा प्रयोग घरात कोणी दुसऱ्यांदा करू देत नाही, हे वेगळेच. थोडक्यात, मऊ पृष्ठभाग आणि १०-१५ सेंटिमीटर उंची, एवढ्या टापूतच मोबाइलवर विसंबावे.

धक्का सोडून वाहनाचे त्वरण मोजायचे असेल तर मात्र चित्र पालटते. तेथे मोबाइलचा प्रतिस्पर्धी म्हणजे गवंड्याचा ओळंबा, किंवा त्याची घरगुती आवृत्ती : कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्यबिंदूला बांधलेला दोरा आणि त्याच्या टोकाला एक नट. वाहन वेग घेते तेव्हा दोरा मागे झुकतो आणि त्या कोनाचे टॅन गुणिले ९.८ म्हणजेच त्वरण. ५ अंश झुकाव म्हणजे ०.८६, १० अंश म्हणजे १.७ आणि २० अंश म्हणजे ३.६ मीटर प्रति सेकंद वर्ग. पंढरपूरला जाणाऱ्या एसटीत दोन्ही साधने शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर फोनचा आलेख इंजिनाच्या थरथरीने आणि रस्त्यावरच्या खाचखळग्यांनी केसाळ झालेला दिसतो, तर ओळंबा ती थरथर गिळून ब्रेकचा सलग झुकाव तेवढा दाखवतो. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याचे एक आंदोलन एका सेकंदाचे असल्यामुळे, चार-पाच सेकंद चाललेले ब्रेक त्याला नीट कळतात. त्याहून झटपट हिसका बसला तर मात्र तो नुसता डोलत राहतो.

एक दोष दोघांतही समान आहे. चढ आणि त्वरण यांतील फरक ना ओळंब्याला कळतो ना मोबाइलला, त्यामुळे उड्डाणपुलाच्या चढावर स्थिर उभ्या असलेल्या गाडीतही दोन्ही साधने त्वरण असल्याची खोटी साक्ष देतात. म्हणून नोंदी सपाट रस्त्यावर घ्याव्यात आणि गाडी पूर्ण थांबल्यावर दोरा शून्यावर येतो की नाही हे प्रत्येक वेळी पाहावे. प्रदर्शनात मांडण्यासाठी मी ओळंब्याला पहिली पसंती देतो. कोन डोळ्यांना दिसतो आणि सूत्र कोठून आले हे मुलाला स्वतः काढून दाखवता येते.

आघाताच्या मोजणीत सर्वांत जुना मार्ग ठशाचा. १७२० च्या दशकात ग्रावेसान्डे या डच शास्त्रज्ञाने मऊ मातीवर पितळी गोळे टाकले आणि वेग दुप्पट झाला की खुणा चौपट खोल होतात असे त्याला आढळले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते या समजुतीला त्यातून मोठा आधार मिळाला. हाच प्रयोग आपल्याकडे ज्वारीच्या पिठावर उत्तम होतो. गव्हाची कणीक चिकट आणि लवचीक असल्यामुळे गोळी उचलताच खड्डा थोडा भरून येतो. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिकट-लवचीक बनवणारे प्रथिन, नसल्याने ठसा उमटला तसाच राहतो. भाकरीसाठी मळतो त्याहून किंचित सैल पीठ खोलगट डब्यात दाबून भरावे, वरचा पृष्ठभाग पट्टीने सपाट करावा आणि २५ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ६४ ग्रॅमची बेअरिंगची गोळी एक मीटरवरून सोडावी. समजा ती १२ मिलिमीटर रुतली, तर पिठाने तिच्यावर लावलेले सरासरी बल गोळीच्या वजनाच्या ८४ पट, म्हणजे सुमारे ५३ न्यूटन होते. साडेपाच किलोच्या आसपासचे वजन हातावर ठेवल्यासारखे ते आहे. खोली मोजताना खड्ड्याभोवती उचलल्या गेलेल्या कडेवरून न मोजता मूळ सपाटीपासून मोजावी. एका मिलिमीटरची चूक उत्तरात आठ टक्क्यांची चूक करते.

या पद्धतीने मला एकदा चांगलेच गोंधळात टाकले होते. फेब्रुवारीअखेरच्या एका दुपारी निम्म्या नोंदी झाल्यावर आम्ही चहाला उठलो आणि डबा पंख्याखाली उघडाच राहिला. परतल्यावर तीच गोळी त्याच उंचीवरून १२ ऐवजी ९ मिलिमीटरच रुतू लागली आणि बलाचा आकडा एक तृतीयांशाने वाढला. मुलांनी त्या नोंदी चुकीच्या म्हणून खोडायला घेतल्या. त्या चुकीच्या नव्हत्या. पीठ वाळून खरोखरच कडक झाले होते आणि कडक पिठाने गोळीला खरोखरच जास्त बलाने थांबवले होते. वहीतील तो कोपरा आम्ही तसाच ठेवला आणि पुढे डब्यावर ओले फडके टाकण्याची सवय लावून घेतली. मात्र यातूनच या पद्धतीची हद्दही कळते : ती पिठाने दिलेला धक्का मोजते, फरशीने किंवा चादरीने दिलेला नव्हे.

कठीण पृष्ठभागावरचा धक्का, मध्ये गादी न घालता मोजायचा असेल तर मला कार्बन पेपर सर्वांत उजवा वाटतो. बिलबुकाच्या दुकानात तो अजून मिळतो. पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर शाईच्या बाजूने पालथा ठेवून त्यावर टेनिसचा चेंडू सोडावा. चेंडू आपटताना जितका चपटा होतो तितके वर्तुळ कागदावर उमटते. मग तोच चेंडू, तसाच कागद घालून, घरातल्या वजनकाट्यावर ठेवावा आणि वरून सपाट फळीने हळूहळू दाबत जाऊन तेवढ्याच व्यासाचे वर्तुळ येईल तेव्हा काट्यावरचा आकडा वाचावा. १० किलो दिसले तर कमाल बल साधारण ९८ न्यूटन होते. झटकन दाबताना रबर थोडे जास्त ताठरते, त्यामुळे असे आलेले उत्तर खऱ्या बलापेक्षा काहीसे कमी असण्याचा संभव असतो, जास्त असण्याचा नव्हे. वहीत हे वाक्य लिहिलेले असले की परीक्षकाचा निम्मा प्रश्न तेथेच संपतो. ही पद्धत चपट्या होणाऱ्या वस्तूंनाच लागू पडते, पोलादी गोळीला नाही.

वजनकाट्यावर थेट वस्तू टाकून किंवा उडी मारून आकडा वाचण्याचा मोह मात्र टाळावा. तबकडीचा काटा स्प्रिंगवर चालतो आणि स्प्रिंगवर एखादे वजन न उंचावता नुसते एकदम सोडले, तरी ते क्षणभर दुपटीपर्यंत जाते. डिजिटल काटा तर आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो आणि तोवर धक्का केव्हाच संपलेला असतो. लिफ्टमध्ये उभे राहून वजन वाढताना आणि कमी होताना पाहण्यासाठी तो ठीक आहे.

मोबाइलवरच्या स्लो मोशन चित्रणाबद्दलही पालक विचारतात. सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रणात एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत ४.२ मिलिसेकंद जातात आणि टेनिस चेंडूचा जमिनीशी संपर्कच पाच मिलिसेकंदांच्या आसपास असतो, तेव्हा आपटण्याचा क्षण एका-दोन चौकटींत उरकतो. तरीही भिंतीवर खडूने पट्टी आखून उसळीची उंची त्यातून छान मोजता येते. ५८ ग्रॅमचा चेंडू एक मीटरवरून पडून ५५ सेंटिमीटर उसळला, तर वेगातील एकूण बदल सेकंदाला ७.७ मीटर येतो आणि संपर्क पाच मिलिसेकंदांचा धरल्यास सरासरी बल सुमारे ९० न्यूटन निघते. कार्बन पेपरने मिळते ते कमाल बल असल्यामुळे ते या सरासरीपेक्षा वरचढ यायला हवे. तसे आले नाही, तर दोहोंपैकी एका नोंदीत चूक आहे असे समजून पुन्हा मोजावे.

ज्यांना एकच साधन निवडायचे आहे त्यांनी वाहनासाठी ओळंबा आणि आपटण्यासाठी कार्बन पेपर घ्यावा. ज्यांचा प्रश्न उंची आणि खड्डा यांच्या नात्याचा आहे त्यांना ज्वारीचे पीठ पुरेल. त्यांनी प्रत्येक उंचीसाठी किमान पाच वेळा गोळी टाकावी आणि दर वेळी पीठ मोडून पुन्हा मळावे. मोबाइलच वापरायचा असा आग्रह असेल, तर चारपदरी घडीच्या दोन-तीन चादरी एकावर एक ठेवून १० सेंटिमीटरपासून सुरुवात करावी आणि आलेखाचा माथा सपाट दिसला की तेथेच थांबावे.