फिशफाइंडरचे सेटिंग: ५० की २०० किलोहर्ट्झ, ऑटो की हाताने?

कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक नौकेवर फिशफाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीतून मासे व तळ पडद्यावर दाखवणारे यंत्र, बसवला की तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: ध्वनिलहरी कोणत्या फ्रिक्वेन्सीने सोडायच्या, आणि गेन (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा) व रेंज (पडद्यावर किती खोलीपर्यंत दाखवायचे) यंत्राच्या भरवशावर, म्हणजे ऑटोवर, ठेवायची की स्वतः लावायची. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा समुद्राची खोलीच देते.

समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणून ५० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ सेंटिमीटर भरते, तर २०० किलोहर्ट्झच्या लहरीची पाऊण सेंटिमीटर. लांब लहर पाण्यात कमी शोषली जाते आणि खोलवर पोहोचते. आखूड लहर लवकर विरते, परंतु बारीक मासेही टिपते. सर्रास मिळणाऱ्या दुहेरी ट्रान्सड्यूसरपैकी (दोन्ही फ्रिक्वेन्सींचा ध्वनी सोडणारा व प्रतिध्वनी ऐकणारा भाग) अनेकांत ५० च्या ध्वनीचा खाली पसरणारा शंकू सुमारे ४५ अंशांचा, तर २०० चा ११-१२ अंशांचा असतो. त्यामुळे ३० मीटर, म्हणजे साधारण १६ वाव पाण्यात ५० ची लहर तळावरचा सुमारे २५ मीटर व्यासाचा भाग पाहते, २०० ची जेमतेम ६ मीटरचा. रुंद शंकूत मासे जास्त येतात हे खरे. पण ते नौकेखाली आहेत की दहा मीटर बाजूला, हे पडद्यावरून कळत नाही, आणि कडेला तळालगत असलेला मासा तळाच्याच प्रतिध्वनीत लपून जातो. महाराष्ट्रासमोरचा भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा समुद्रतळ) रुंद व उथळ असल्याने रोजच्या मासेमारीसाठी मी निःसंकोच २०० सुचवतो. शंभर मीटरच्या पुढे नेमाने जाणाऱ्यांनी ५० हाताशी ठेवावी. एकाच स्पंदात अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारे चर्प यंत्र परवडत असेल, तर ते जवळजवळचे मासे अधिक चांगले वेगळे करते. उथळ पाण्यासाठी त्यातही वरचाच पट्टा निवडावा.

ऑटोची खरी सोय रात्री खाडीच्या मुखातून आत येताना कळते: लक्ष सुकाणूवर असते, रेंज आपोआप बदलत राहते आणि तळ पडद्याबाहेर जात नाही. मासेमारी करताना मात्र हाच ऑटो मोलाची माहिती पुसतो. तळावर आपटलेला ध्वनी पृष्ठभागावरून परतून पुन्हा तळ गाठतो, आणि पडद्यावर दुप्पट खोलीवर दुसरा तळ उमटतो. खाली खडप (खडकाळ तळ) असेल तर हा दुसरा तळ ठसठशीत दिसतो. चिखल असेल तर फिका पडतो किंवा दिसतच नाही. हा फरक वाचण्यासाठी रेंज खोलीच्या दुपटीहून थोडी जास्त आणि गेन कायम हवा. ऑटोमध्ये रेंज तळाच्या जरा खालीच थांबते व गेन सतत बदलत राहतो, त्यामुळे तुलनेला आधारच उरत नाही. जाळे खडपात अडकून फाटण्याचा खर्च ज्याला माहीत आहे, त्याने एवढ्या एका कारणासाठी गेन हाताने लावायला शिकावे.

नॉइज फिल्टरचेही, म्हणजे पडद्यावरचे नको ते फिके ठिपके पुसणाऱ्या सेटिंगचेही, असेच आहे. माशाच्या पोटातील हवेची पिशवी ध्वनी जोरात परतवते. घोळीचे बोत, म्हणजे हीच पिशवी, मोठे, म्हणून तिची खूण ठळक उमटते. सुरमईला अशी पिशवीच नसते, तिची खूण मुळातच फिकी असते आणि चढवलेला फिल्टर ती सहज गिळतो. पृष्ठभागाजवळचा गोंधळ काढणारे सेटिंग वाढवले, तर वरच्या थरातला बांगड्याचा थवाही त्यासोबत जाऊ शकतो. माशांची चित्रे दाखवणारी सोय बंदच ठेवावी, कारण काय मासा मानायचे हे तिथे यंत्र ठरवते आणि मूळ प्रतिध्वनी नजरेआड होतो.

गेन लावताना तो पाण्याच्या मधल्या थरात बारीक ठिपके विखुरलेले दिसेपर्यंत चढवावा, मग ठिपके जेमतेम विरतील इतका उतरवावा. आणि जिथे जाळे टाकायचे त्याच खोलीवर हे करावे, कारण बंदराच्या धक्क्यापाशी लावलेला गेन खोल पाण्यात कमी पडतो.