सांगलीतला डीएनए-पीसीआर प्रात्यक्षिक वर्ग: हात बसतो, कंट्रोल कमी पडतात

या वर्गात पानातून डीएनए काढून पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवणं) करायला शिकवतात. नमुना म्हणून द्राक्षाचं पान देतात, ही निवड उत्तम. तासगाव पट्ट्यात पान ताजं मिळतं, आणि त्यातून डीएनए काढणं अवघडही. पॉलिफेनॉल (पानातली तुरट रसायनं) इतके, की २ टक्के सीटॅबच्या (पेशी फोडणारं डिटर्जंट) बफरमध्ये त्यांना आवरणारे पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल नसतील तर अर्क तपकिरी पडतो, पुढे पीसीआर अडतो. कोवळं पान १०० मिलिग्रॅम, द्रव नायट्रोजनमध्ये पूड, ६५ अंशांवर अर्धा तास, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१. डीएनए असलेला वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या पापुद्र्याला टिप लागू द्यायची नाही, हे प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन दाखवतात. पेलेट (तळाशी बसलेला डीएनए) ७० टक्के इथेनॉलने धुतल्यावर फार सुकवला तर विरघळता विरघळत नाही, हेही सांगतात.

२६०/२८० गुणोत्तर (प्रथिनं उरलीत का ते दाखवणारं प्रकाशशोषणाचं माप) १.८ आलं की मात्र सगळे खूश! २६०/२३० कडे कुणी बघत नाही. ते १ च्या खाली असेल तर पॉलिसॅकराइडसारखी (साखरेच्या लांब साखळ्या) अशुद्धी उरलीय. अशा वेळी अर्क दहापट पातळ करून पीसीआर लावावा. निगेटिव्ह कंट्रोल (डीएनए न घातलेली पीसीआरची नळी) सगळ्या गटांत मिळून एकच, हे चूक. भेसळ कुणाच्या पिपेटमधून आली ते कसं कळणार? डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणारं ०.८ टक्के जेल जीनोमिक डीएनएला ठीक, एसएसआरच्या (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) जवळजवळच्या पट्ट्यांना ३ टक्के हवं. मायक्रोपिपेट दोघांत एक. फी त्या मानाने वाजवी.