एममॅप की रीड: फाइल वाचण्याच्या दोन पद्धती

रीड या सिस्टिम कॉलमध्ये, म्हणजे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या विनंतीत, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) फाइलचा मजकूर पेज कॅशमधून, म्हणजे फाइलींची पाने (स्मृतीचे ठरावीक आकाराचे तुकडे) साठवलेल्या स्मृतीतून, प्रोग्रामच्या बफरमध्ये (त्याच्या स्वतःच्या स्मृतीतील जागेत) उतरवतो. एममॅप या दुसऱ्या सिस्टिम कॉलमध्ये मात्र पेज कॅशमधील तीच पाने प्रोग्रामच्या स्मृतीतील पत्त्यांना जोडली जातात, त्यामुळे ही नक्कल टळते. या जोडणीची अट काटेकोर आहे: लिनक्समध्ये फाइलमधील आरंभस्थान पानाच्या आकाराच्या पटीत, म्हणजे एक्स८६ यंत्रांवर सहसा ४०९६ बाइटच्या पटीत, असावेच लागते, तर विंडोजमध्ये ते ६४ किलोबाइटच्या पटीत लागते. साध्या रीडला असे कोणतेही बंधन नाही.

फाइलचा शेवट पानाच्या मध्येच आला, तर उरलेली जागा शून्यांनी भरलेली दिसते; परंतु दुसऱ्या प्रक्रियेने फाइल छाटली आणि आपण नाहीशा झालेल्या पानाला स्पर्श केला, तर सिगबस हा स्मृतीच्या चुकीच्या वापराची सूचना देणारा सिग्नल येऊन प्रोग्राम बंद पडू शकतो. अशा वेळी रीड फक्त कमी बाइट परत करतो, आणि हा फरक मला वेगापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मोठ्या, न बदलणाऱ्या इंडेक्स फाइलमध्ये इकडेतिकडे वाचायचे असेल, तर एममॅप निवडावा. एकदाच सरळ वाचून संपणाऱ्या फाइलसाठी, पेज फॉल्टचा (न जोडलेल्या पानाला स्पर्श होताच कर्नलला मध्ये पडावे लागण्याचा) खर्च पाहता, रीडच बरा.